साचा, मूर्ती आणि गावसकाकांचा ट्रक

मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करते, हे मला आईला कधीच नीट सांगता आलं नाही. आमच्या गावात, कोरगावात, कुणी विचारलं की ती अंगणात काजूबिया सुकत घालता घालता सांगायची, "आमचां चेडू कॉम्प्युटरात लिवता." काय लिहिते, असं पुढे विचारलं की म्हणायची, "तां माका कळत नाय," आणि बिया पसरायला लागायची. या अंकाच्या संपादकांनीही मला तेच विचारलं. त्यांना दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि कागद भरत गेले. तरीही पटेल असं उत्तर सापडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं ऑफिस म्हापशाला, बाजारालगतच्या एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती आणि कॉम्प्युटर ही तेव्हा अजून सांभाळायची वस्तू होती. चपला दाराबाहेर काढायच्या, संध्याकाळी मॉनिटरवर कापड घालायचं, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालून कुंकू लावायचं. हार दरवर्षी सेबी आणायचा. सेबी आमचा प्रोग्रॅमर, रविवारी न चुकता चर्चमध्ये मिसाला जाणारा, पण दसऱ्याचा हार दुसऱ्या कुणी आणलेला त्याला चालत नसे. केरकर सर मालक. मी शाळेत बदली शिक्षिका म्हणून मराठी शिकवत होते, तिथून त्यांनी मला उचललं. सेबीने केलेला प्रोग्रॅम कसा वापरायचा, त्याची पुस्तिका लिहिणं हे माझं काम. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "तुला कॉम्प्युटर येत नाही हेच बरं आहे. तुला कळलं तर सगळ्यांना कळेल." ती माझी स्तुती होती की काय होतं, याचा मी बरेच दिवस विचार केला.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगायला हवं. सेबीचा प्रोग्रॅम चित्रांचा होता. आज्ञा टाइप करायच्या नाहीत, चित्रं मांडायची आणि रेघांनी जोडायची. पडद्याच्या डाव्या बाजूला एक उभी पट्टी, त्यात एक ट्रक, एक वजनकाटा, एक मातीचा ढीग अशी छोटी चित्रं. उजवीकडे मोकळा फळा. डावीकडचा ट्रक माऊसने ओढून फळ्यावर आणून सोडला की तिथे एक ट्रक उभा राही. पुन्हा ओढला की दुसरा. फळ्यावरच्या प्रत्येक ट्रकला त्याचा नंबर, त्याचा ड्रायव्हर, तो चालू आहे की बंद, हे सगळं आपापलं. डावीकडचं चित्र मात्र कुठलाच ट्रक नव्हे. ट्रक म्हटला की त्याला काय काय असतं, एवढीच माहिती त्यात साठवलेली. इंग्रजीत डावीकडच्याला क्लास म्हणतात, उजवीकडच्याला ऑब्जेक्ट. उजवीकडे बदल केला तर तो एकच ट्रक बदलतो. डावीकडे केला तर फळ्यावरचे सगळे ट्रक एका झटक्यात बदलतात. माझ्या सगळ्या नोकरीचं सार एवढंच, आणि ते नीट कळायला मला अर्धा पावसाळा लागला.

आम्हाला काम मिळालं ते डिचोलीकडच्या पाळी गावातल्या एका लोहखनिजाच्या खाणीचं. कोणता ट्रक कुठल्या ढिगावर भरायला जाणार, वजनकाट्यावर कधी येणार, बार्जमध्ये माल ओतायला नदीवरच्या जेटीकडे कधी सुटणार, हे तोपर्यंत एक माणूस डोक्यात ठेवायचा आणि खिडकीतून ओरडून सांगायचा. ते म्हणजे गावसकाका. पन्नाशी उलटलेले, हडकुळे, खांद्यावर कायम एक पंचा. बोलता बोलता तो पंचा तोंडावर धरून खोकायचे. आधीची बरीच वर्षं त्यांनी जेटीवर खनिजाच्या धुळीत काढली होती आणि छाती कायमची धरली होती. डिचोलीच्या डॉक्टरने लिहून दिलं म्हणून त्यांना ऑफिसातली ही खुर्ची मिळाली. खिडकीला काच होती. त्या काचेमुळे आपण जगलो, असं ते म्हणायचे.

आता कॉम्प्युटर आला म्हणजे खुर्ची कुणाची, हा प्रश्न आला. मॅनेजरसाहेबांनी माझ्यासमोरच स्पष्ट सांगितलं. ज्याला फळा स्वतः मांडता आणि बदलता येईल तो या खुर्चीवर बसेल. गावसकाकांना जमलं तर उत्तम, नाही तर त्यांना परत जेटीवर जावं लागेल. साहेब कठोर नव्हते, त्यांना वरून तसं सांगितलं होतं. ते गेल्यावर काका मला हळूच म्हणाले, "बाये, जेटीर गेल्यार म्हजो दमो वाडटलो. तुजें पुस्तक सोंपें कर गो." त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला शाळा आठवली. शाळेत मुलं नापास झाली तर पुढच्या वर्षी बसायची. इथे तसं नव्हतं.

पुस्तिका कुठल्या भाषेत करायची, इथूनच गोंधळ सुरू झाला. खाणीवरची माणसं बोलायची कोंकणी आणि वाचायची मराठी पेपर. कोंकणी की मराठी, हा राजभाषेचा वाद तेव्हा निवला होता, पण पुरता विझला नव्हता, आणि एकाच घरात दोन भाऊ दोन बाजूंना अशी घरं डिचोलीत आणि पेडण्यात मला माहीत होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, मराठीत करा, पण मुखपृष्ठावर कुठे मराठी असं लिहू नका. म्हणून आम्ही नुसतं 'सोपी मार्गदर्शिका' असं छापायचं ठरवलं. निदान या दोन शब्दांवर तरी कुणाची हरकत नव्हती.

आतल्या शब्दांवर मात्र सगळ्यांचीच होती. सरांनी कुठून तरी सरकारी परिभाषाकोश आणला. त्याप्रमाणे मी क्लासला वर्ग आणि ऑब्जेक्टला वस्तू केलं. पेडण्याच्या एका सोसायटीसाठी आमचं दुसरं काम चालू होतं, तिथल्या सेक्रेटरीला मी तोच मसुदा दाखवला. सभासदांची नावं उजवीकडच्या फळ्यावर आहेत आणि त्यांना वस्तू म्हटलंय, हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमचे सभासद वस्तू नव्हेत," म्हणाले, "त्यात आमचे चेअरमनही आहेत." मग मी घटक करून पाहिलं. ते सरांना आवडलं नाही. प्रकार आणि नमुना यांत कोणता कुठे वापरायचा, हे मलाच दुसऱ्या दिवशी आठवेना. सेबी खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "क्लास म्हणजे क्लास, आनी कितें?" त्याला ते सोपं होतं. तो त्या शब्दाबरोबरच शिकला होता. मी रात्री स्वयंपाक करताना हातातल्या डावाला आणि भिंतीवर लटकणाऱ्या डावांना मनात वेगवेगळी नावं देत बसायची आणि आमटी उतू जायची.

आणि मग मला ते सुचलं. चतुर्थी महिन्याभरावर आली होती. डिचोलीत बसस्टँडकडे जाताना एक चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती करायची जागा, लागते. आमच्याकडे घरोघरचा पाट आधीच चित्रशाळेत नेऊन देतात, त्यावर घराचं नाव असतं, आणि त्याच पाटावर त्या घराची मूर्ती बसवतात. त्या दिवशी भिंतीला टेकवलेले साचे आणि फळ्यांवर ओळीने पाट मांडलेले पाहून मी रस्त्यातच थांबले. साचा एक, त्यातून निघालेल्या मूर्ती कितीतरी, आणि प्रत्येक मूर्ती वेगळ्या घरची. ही कामतांची, ही परबांची. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे मूर्ती, फळा म्हणजे पाट. इतका आनंद मला नोकरीत क्वचितच झाला असेल. त्या रात्री मी पहिलं प्रकरण पुन्हा लिहून काढलं.

सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. खाणीच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना पातळभाजी-पाव देऊन मी ते शिकवलं, तेव्हा पहिल्यांदाच माणसांच्या माना डोलल्या. गावसकाका तर पुढच्या बाकावर बसून हसत होते. "आतां कळ्ळें," म्हणाले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि पुस्तिका छपाईला दिली.

चाचणीच्या दिवशी काकांनी सगळा फळा एकट्याने मांडला. साच्यातून ट्रक ओढायचे, फळ्यावर सोडायचे, नंबर घालायचा. एकही चूक नाही. आमच्याकडचे ट्रक नंबरापेक्षा कपाळावर लिहिलेल्या देवांच्या नावाने ओळखले जातात, म्हणून त्यांनी प्रत्येकाला नावही दिलं. मग बाहेरून निरोप आला की 'सातेरी' या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तिला थांबवा. काम सोपं होतं. फळ्यावरच्या सातेरीवर क्लिक करायचं आणि चालूचं बंद करायचं. काकांनी माऊस फळ्यावर नेला, सातेरीपाशी आणला, आणि तिथून उचलून डावीकडे पट्टीत नेला. साच्यावर क्लिक करून त्यांनी बंद केलं.

फळ्यावरचे सगळे ट्रक लाल झाले. वजनकाट्याच्या चिठ्ठ्या यायच्या थांबल्या. खाली भरलेले ट्रक रस्त्यापर्यंत एकामागे एक उभे राहिले आणि हॉर्न वाजायला लागले. काका पडद्याकडे पाहत होते आणि मी काकांकडे. सेबीने येऊन सगळं पूर्ववत केलं, पण तोवर मॅनेजरसाहेब आले होते. ते रागावले नाहीत. चतुर्थी होऊ दे, मग आणखी एकदा पाहू, ती शेवटची, एवढंच म्हणाले. काकांनी पंचा तोंडाला धरला आणि बराच वेळ काढला नाही.

मला काहीच समजेना. ज्याला साचा आणि मूर्ती इतकी छान कळली, तो नेमका तिथेच कसा चुकतो? मी पुस्तिका उघडून तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. सगळं लख्ख होतं. सर म्हणाले, वयाचा परिणाम. मला ते पटलं नाही. शेवटी मी कॅन्टीनमध्ये काकांच्या समोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, की तुमचा हात सातेरीपाशी गेला होता, मग तिथेच का नाही बदललंत?

काकांना हा प्रश्नच विचित्र वाटला. थोडं चाचरत म्हणाले, "बसयल्लो गणपती कोण हालयता गो?"

मला अर्थ लागेना, मी पाव मोडत राहिले.

"आमी पाटार बसयलो काय मागीर ताका हात लायनात," ते मला समजावत होते, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. "कितेंय बदलूंक जाय जाल्यार तें चित्रशाळेंत. म्हणून हांव साच्याकडेन गेलों. तुवेंच बरयलां न्हय तशें?" मीच तसं लिहिलंय, असं म्हणून झाल्यावर माझा चेहरा पाहून त्यांनी घाईघाईने माघार घेतली. "ना, ना, तुजें बरोबर. म्हजेंच चुकलें."

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. माझं उदाहरण त्यांना कळलं नव्हतं असं नाही. माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. मी मूर्ती साच्यातून निघेपर्यंतच विचार केला होता, ती पाटावर बसल्यावर काय, याचा केलाच नव्हता. आमच्या घरीसुद्धा पूजा झाल्यावर मूर्तीला धक्का लागू नये म्हणून आई पोरांना त्या खोलीत धावू देत नसे. मला हे माहीत नव्हतं का? होतं. मग मी लिहिताना कुठे होते? आणि कॅन्टीनमध्ये माना डोलावणाऱ्या बाकीच्यांनी तरी साच्यालाच हात घातला नसता कशावरून? मला हसावं की रडावं कळेना.

पुढचे दिवस मी नव्या शब्दामागे लागले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळवाल्यापाशी एक बाई नारळ कानाशी हलवून बघत होती. एक परत दिला, दुसरा घेतला, नगावर भाव केला. नग! जो उचलता येतो, बदलता येतो, परत देता येतो. मूर्ती खोडून सगळीकडे नग केलं. सर वैतागले. पुस्तिका बाजारी वाटते, म्हणाले. सेबी कधी नव्हे ते माझ्या बाजूने बोलला, त्याची आईही नारळ नगावरच घेते म्हणून. मी सुधारलेली पानं घेऊन उत्साहाने पाळीला गेले. काकांनी ती लांब धरून वाचली आणि म्हणाले, "सातेरीक नग म्हणूं? नग म्हणल्यार नाल्ल." नाल्ल म्हणजे नारळ. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की हा शब्द त्यांच्या तोंडात काही बसायचा नाही. त्या संध्याकाळी मी सरांना राजीनाम्याबद्दल बोलले. सर म्हणाले, आधी चतुर्थी कर, मग बोलू. त्यांच्याही डोक्याचा भुगा झाला होता.

चतुर्थी आटोपल्यावर दुसरी चाचणी झाली. मॅनेजरसाहेब पाठीमागे हाताची घडी घालून उभे. मी दाराशी. काकांकडे माझी पानं होती, पण ती त्यांनी टेबलावर पालथी ठेवली होती. ते पाहून मी आशा सोडली. फळा मांडून झाला. मग साहेबांनी स्वतःच सांगितलं, समजा, सातेरी पुन्हा बिघडली.

काकांनी माऊस सातेरीपाशी नेला. तिथे थांबले. बाण थोडा डावीकडे सरकला. पण तो पट्टीपर्यंत गेला नाही. काकांनी माऊसवरचा हात काढला. डोळे मिटून दोन्ही हात जोडले, ओठ हलले, आणि मग पुन्हा माऊस धरून त्यांनी सातेरीला फळ्यावर किंचित पुढे सरकवलं. अगदी बोटभर. मग तिच्यावर क्लिक करून बंद केलं. एक ट्रक लाल झाला. बाकीचे चालत राहिले आणि चिठ्ठ्या येत राहिल्या.

"हे मध्येच काय केलंत?" साहेबांनी विचारलं.

"उत्तरपूजा," काका म्हणाले.

काकांना अवघडल्यासारखं झालं असावं. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत ते म्हणाले, "उत्तरपूजा केली काय हालोवंक जाता न्हय? मागीर कितेंय करूं येता."

विसर्जनाआधी आपण उत्तरपूजा करतो आणि मूर्ती जागची जरा हलवतो. त्यानंतर तिला हात लावायला कुणाची ना नसते. त्या चतुर्थीला घरी उत्तरपूजा करताना काकांनी पाटावर हात ठेवला, तेव्हा त्यांना हे सुचलं होतं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुमच्या पुस्तिकेत कितव्या पानावर आहे?" मी म्हटलं, कुठल्याच पानावर नाही. साहेब पडद्याकडे वळले आणि म्हणाले, खुर्ची तुमचीच, गावस. काका उठले नाहीत. खिडकीच्या काचेवर त्यांनी तळहात ठेवला आणि काही वेळ तसाच ठेवला. मला रडू आलं, ते मी बाहेर जाऊन आवरलं.

सेबीला सगळं सांगितलं तेव्हा त्याला त्यात नवल वाटलं नाही. डावीकडचं चित्र कितीही ओढलं तरी जागचं हलत नाही, हललं तर ते ऑब्जेक्टच, म्हणून आधी हलवून बघणं योग्यच, असं त्याचं म्हणणं. इतकी साधी व्याख्या त्याने मला आधी का दिली नाही, विचारलं तर म्हणतो, "तुवें विचारूंक ना." पुढच्या आवृत्तीत मी एक वाक्य घातलं: बदल करण्यापूर्वी नग किंचित हलवून पाहा. खाली कारण दिलं नाही. काकांनी ज्यांना ज्यांना शिकवलं ते सगळे आधी हात जोडायचे, मग हलवायचे. नंतर आलेल्या पोरांना वाटायचं की हात जोडणं हाही प्रोग्रॅमचाच भाग आहे.

काका निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसले. पुढे खाणी बंद पडल्या, रस्त्यांवरची धूळ बसली, आमचं ऑफिसही गेलं, आणि तो प्रोग्रॅम चालेल असा कॉम्प्युटर आता शोधूनही सापडायचा नाही. शब्द कोणता बरोबर होता, हे मला अजून माहीत नाही. साचा टिकला असं म्हणता येईल. नग माझ्या पुस्तिकेबाहेर कुणी वापरला नाही. मूर्ती मी खोडली, आणि काम शेवटी मूर्तीनेच केलं. पुस्तिका लिहून माणसाला शिकवता येतं यावर माझा विश्वास होता. तो अजून आहे का, हे मला कुणी विचारू नये.

मागच्या चतुर्थीला गावसकाकांकडे गेले होते. दीड दिवसाचा गणपती, निघायची वेळ झालेली. काकूंनी मला आत ओढून कानात सांगितलं, "आतां रातभर न्हिदतात ते." म्हणजे आता रात्री झोपमोड होत नाही. काकांनी उत्तरपूजा केली, पाटावरच्या मूर्तीला दोन्ही हात लावून तिला थोडं पुढे सरकवलं, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाये, हाल्लो." मी हसले. क्षणापूर्वी जे हलवायचं नव्हतं ते आता काय झालं, त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच, सवयच ती. पण तेवढ्यात शेवटची आरती सुरू झाली आणि काकांनी पहिली ओळ लांब ओढली. त्यांचा आवाज चढायला लागला की मागून खोकला येतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी टाळ धरून त्याची वाट पाहत उभी राहिले. ओळ संपली, पुढची सुरू झाली, काका गात राहिले, आणि खोकला काही आला नाही.